गर्गे सरांचा होकार

"काटा वर घे," आण्णासाहेब म्हणाले.

दस्तगीरभाईंनी व्हॉल्व्हचं चाक थोडं आवळलं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरला, जरा पुढे सरकला आणि थांबला.

"अजून."

"आण्णा, पाचाच्या वर गेलाय."

"आकडं मलाबी वाचता येत्यात, दस्तगीर. आवळ."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या प्लांटची केमिस्ट होते, पण माझ्या मताला तिथे अंगणातल्या तुळशीइतकीच किंमत होती. रोज नमस्कार करायचा आणि विचारायचं काही नाही. त्यांनी चाक पुन्हा आवळलं. आण्णासाहेब पाठीमागे हात बांधून त्या काट्याकडे बघत राहिले. पुजाऱ्याने आरती धरावी आणि मालकाने देवाला दरडावावं, असा तो देखावा असायचा.

मिरजेच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत टाकवडे सॉल्व्हंट्स नावाचा हा कारखाना. बाळगोंडा टाकवडे, म्हणजेच आण्णासाहेब, त्याचे मालक. पांढरा सफारी, बोटांत तीन अंगठ्या आणि तोंडात एकच वाक्य: "प्रेशर द्या, माल येतोय." हे वाक्य त्यांनी यंत्रांना लावलं, कामगारांना लावलं, वीज मंडळाच्या साहेबांना लावलं. घरात सुनांनाही लावत असणार. आणि खोटं का सांगू, बहुतेक ठिकाणी माल आलाही होता.

त्यांच्या जुन्या मशीनवर तर ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. बंद भांड्यात अ‍ॅसिटोन आणि हायड्रोजन घालायचे आणि दाब द्यायचा. कोंडलेली ती दोघं एक होऊन आयपीए नावाचा अल्कोहोल तयार व्हायचा. जितका दाब जास्त, तितका माल जास्त. त्याच मशीनवर आण्णासाहेबांचा बंगला उभा राहिला आणि त्याच मशीनवर दस्तगीर मुल्ला यांचे केस पांढरे झाले.

मग बाजार फिरला. आयपीए पडून राहू लागलं आणि अ‍ॅसिटोनला मागणी आली. आण्णासाहेबांनी नवी मशीन बसवली. तीच क्रिया, फक्त उलट. आयपीएची वाफ तापलेल्या नळीतून सोडायची, म्हणजे तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि अ‍ॅसिटोन उरतं. अशा क्रियांना जायचा आणि यायचा रस्ता एकच असतो. तुम्ही ढकलाल त्या बाजूला ती जाते, आणि चुकीचं ढकललं की आल्या वाटेने परत येते.

आण्णासाहेबांनी नव्या मशीनलाही दाब दिला. माल आला नाही. त्यांनी आणखी दाब दिला. माल आणखी कमी आला. शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. आण्णासाहेबांनी दस्तगीरभाईंना शिव्या दिल्या.

मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं. "साहेब, इथे एका रेणूचे दोन होतायत. दोघांना जागा जास्त लागते. आपण दाबून जागा कमी करतोय, म्हणून ते परत एक होतायत. इथे दाब उतरवायला हवा."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा पानाचा डबा उघडत म्हणाले, "बारटक्केबाई, तुमचं वय काय?"

"चोवीस."

"मी तुमच्या वयाचा असल्यापासून प्रेशर देतोय." आणि डबा बंद झाला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच मला बोलावून सांगितलं, "तुमचं समाधान व्हायचं न्हाई. मोठा मास्तर आणतोय, सांगलीचा. डॉक्टर गर्गे. वळखता का?"

ओळखता का! मी त्यांची विद्यार्थिनी होते.

डॉ. श्रीनिवास गर्गे आम्हाला भौतिक रसायन शिकवायचे. शिकवायचे म्हणजे तासभर अपमान करायचे आणि त्या अपमानातून विषय डोक्यात शिरायचा. आमच्या कॉलेजात त्यांना घाबरत नव्हता असा प्राणी नव्हता. प्राचार्य समोरून आले की बाजूला व्हायचे. एकदा एका बड्या पुढाऱ्याच्या मुलाला त्यांनी वर्गाबाहेर काढलं. वडिलांचा फोन आला तर म्हणाले, "तुम्ही स्वतः येऊन बसा, तुम्हालाही गरज दिसते." ही गोष्ट सांगलीत वर्षानुवर्षं सांगितली जायची. आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो आणि मनातून त्यांची पूजा करायचो. तरुणपणी माणसाला शिव्या देणाऱ्यांची पूजा करायला फार आवडतं.

आणि हाच धडा, अगदी हाच, त्यांनी मला शिकवला होता.

"एका रेणूचे दोन होत असतील आणि तुम्ही दाब वाढवलात, तर क्रिया कुठे झुकेल? बारटक्के, उभ्या राहा."

"उजवीकडे, सर. दोन होण्याच्या बाजूला."

"उजवीकडे!" सरांची डावी भुवई वर गेली. ती वर गेली की कुणाचं तरी वाटोळं व्हायचं. "ह्यांना भरलेल्या एसटीत आणखी कोंबा रे कुणीतरी. कोंबल्यावर ह्या एकीच्या दोन होतात का बघू!"

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मी रडले. पण तो नियम पुढे कधीही विसरले नाही. दाबलं की माणूस जागा कमी करतो, रेणूही करतो. चार बाजूंनी गर्दी आली की ज्या दिशेला रेणूंची संख्या घटते त्या दिशेला क्रिया पळते.

तर असे गर्गे सर येणार म्हटल्यावर मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता आण्णासाहेबांची एसटीत रवानगी होणार! भुवई वर जाणार आणि सगळ्या कामगारांदेखत तीन अंगठ्यांचं वाटोळं होणार! मी दस्तगीरभाईंना सांगूनही टाकलं, "उद्या बघा गंमत."

ते म्हणाले, "आण्णांची गंमत करणारा अजून जन्माला आला न्हाई, म्याडम."

"हा आलाय."

सर आले. आण्णासाहेबांनी त्यांना आणायला स्वतःची पांढरी गाडी पाठवली होती. ड्रायव्हरने दार उघडलं आणि सर उतरले. उतरताना त्यांनी गाडीच्या सीटवर हलकेच हात फिरवला, तेवढ्यानेच मला काहीतरी खटकलं. निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण ते लहान झाल्यासारखे दिसत होते. कोट मात्र तोच होता.

आम्ही प्लांटवर गेलो. आण्णासाहेब पुढे, सर त्यांच्या जोडीने, मी मागे. दस्तगीरभाई व्हॉल्व्हपाशी हेल्मेट घालून उभे होते. सरांनी नळी पाहिली, आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते विचारलं, भिंतीवरचा नकाशा पाहिला. मग गेजकडे पाहिलं. काटा सहाच्या पुढे होता.

डावी भुवई वर गेली.

ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्यांना कळलं होतं. एका क्षणात, नुसत्या नजरेत कळलं होतं. बुद्धी म्हणावी तर ती तशीच धारदार होती.

"काय मास्तर?" आण्णासाहेब म्हणाले. "माझं म्हणणं हाय, प्रेशर अजून जरा वाढवावं. तुमचं काय मत?"

सरांनी आण्णासाहेबांकडे पाहिलं. भुवई हळूहळू खाली आली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"वाढवायला हरकत नाही," सर म्हणाले.

मला वाटलं, हा टोमणा आहे. पुढचं वाक्य येईल आणि त्यात चाबूक असेल. पुढचं वाक्य आलं: "आपल्यासारख्या अनुभवी उद्योजकांचा अंदाज सहसा चुकत नसतो."

आण्णासाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत विजय होता आणि आणखी काहीतरी होतं. ते काय होतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

चहा होईपर्यंत मी सरांना बाजूला गाठलं. "सर, मी बारटक्के. तुमच्या वर्गात..."

"आठवतं. ती एसटीवाली," ते हसले.

"सर, इथे एकाचे दोन होतायत."

"मला दिसतंय ते, बारटक्के."

"मग दाब वाढवल्यावर..."

"यंत्र त्यांचं आहे," सर म्हणाले आणि ड्रायव्हरने पुढे केलेल्या बशीतलं बिस्किट उचललं. "आणि हे बघा, ह्या लोकांना हळूहळू सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत नाही."

दुसऱ्या भेटीतही नाही सांगितलं. तिसऱ्या भेटीत आण्णासाहेबांनी जेवायला ठेवून घेतलं, तेव्हाही नाही. दर वेळी पांढरी गाडी जायची, सर यायचे, गेज बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. काटा आठाच्या घरात गेला. अ‍ॅसिटोन इतकं कमी निघू लागलं की एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. तुमच्या मालात अर्धा कच्चा अल्कोहोल आहे, असा त्याने निरोप दिला.

आण्णासाहेबांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. बसलेले फक्त सर होते.

"मशीन नवीन. कच्चा माल चांगला. प्रेशर भरपूर. मग हे का?" आण्णासाहेबांनी विचारलं. "मास्तर, तुम्हीच सांगा. चूक कुणाची?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता तरी, मला वाटलं. आता दुसरा रस्ताच उरलेला नाही.

"ऑपरेटरचा हात स्थिर नसावा," सर म्हणाले. "दाब खालीवर होत असेल, तर असं होऊ शकतं."

मी म्हणाले, "सर!"

"शक्यता म्हणतोय मी, बारटक्के. शक्यता."

दस्तगीरभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हेल्मेट काखेत धरलं होतं. ते एकच वाक्य बोलले, तेही सरांना नाही. "आण्णा, माझा हात तुम्ही आजवर बघितलाय न्हवं?"

आण्णासाहेबांनी हातानेच सगळ्यांना बाहेर जायची खूण केली. संध्याकाळी दस्तगीरभाईंना फाटकावर निरोप मिळाला, उद्यापासून येऊ नका.

आमच्या वसाहतीत 'हात स्थिर नाही' म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात. दोन दिवसांत गल्लीभर झालं, दस्तगीर पितो. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, ज्याने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती, तो पितो. हे मला कॅन्टीनवाल्याने सांगितलं आणि वर विचारलं, "खरं का हो म्याडम?" मी त्याचा चहा तिथेच ओतून टाकला. एवढंच करणं हातात होतं.

दोन दिवसांनी पांढरी गाडी पुन्हा आली. सर केबिनमध्ये बसले आहेत असं कळताच मी दार वाजवलं आणि आत गेले.

"साहेब, मला मशीन एक दिवस माझ्या पद्धतीने चालवू द्या. माल वाढला नाही तर मीही जाते, दस्तगीरभाईंच्या मागोमाग."

"तुमची पद्धत म्हणजे?"

"दाब उतरवायचा. पार खाली."

आण्णासाहेब खुर्चीत मागे रेलले. "मास्तर काय म्हणत्यात ते तुम्ही ऐकलंय."

"हेच मास्तरांनी मला शिकवलंय. विचारा त्यांना. शिकवताना वर्गासमोर मला एसटीत कोंबलं होतं त्यांनी."

आण्णासाहेबांनी सरांकडे नजर वळवली. सर सोफ्यावर होते, हातात बशी. त्यांनी बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"कसं आहे, आण्णासाहेब," सर म्हणाले, "तत्त्वतः ह्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. पुस्तकात तसं आहे. पण प्रत्यक्षात अनेक घटक असतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी विचार करता..."

"मास्तर, हो का न्हाई?"

"हो असंही म्हणता येईल. आणि नाही असंही."

असलं उत्तर मी वर्गात दिलं असतं, तर सरांनी मला खिडकीतून बाहेर फेकलं असतं.

आण्णासाहेब उठले. "चला बाई. उघडा तुमचा व्हॉल्व्ह."

नव्या ऑपरेटरला मी बाजूला केलं. चाक जड होतं, दोन्ही हातांनी मोकळं केलं. काटा आठावरून सरकू लागला, सहा, चार, मग दोनाच्या खाली. हायड्रोजन बाहेर जायच्या पाइपातून सूं असा आवाज वाढला. नवा ऑपरेटर दोन पावलं मागे सरला. आण्णासाहेब हलले नाहीत. सर दाराजवळच्या सावलीत उभे होते.

आम्ही वाट पाहिली. मग मी नमुना काढून प्रयोगशाळेत नेला. तिथे एक जुनं यंत्र होतं. त्यात मालाचा थेंब सुईने टोचला की कागदाच्या पट्टीवर दोन टेकड्या उमटायच्या. एक अ‍ॅसिटोनची, दुसरी न बदललेल्या आयपीएची. गेले कितीतरी दिवस दोन्ही टेकड्या जवळजवळ सारख्या दिसायच्या.

पेन हलू लागलं. पहिली टेकडी चढली, चढत गेली आणि कागदाच्या वरच्या कडेला टेकली. मग पेन खाली आलं, काही वेळ सरळ चाललं, आणि दुसरी टेकडी उमटली, ती वारुळाएवढी.

आण्णासाहेबांनी पट्टी फाडून हातात घेतली. त्यांना ती वाचता यायची. आकडे त्यांना खरंच वाचता येत होते.

केबिनमध्ये परत आल्यावर ते पट्टी घेऊन खुर्चीत बसले. सर सोफ्यावर बसले. मी उभी होते. मला वाटलं, आता आण्णासाहेब माझ्यावर ओरडतील, कारण हरलेली माणसं ओरडतात. पण ते माझ्याशी अगदी साध्या आवाजात बोलले, सर तिथे नसल्यासारखे.

"बाई, ह्या मास्तरला मी का आणला ठावं हाय?"

"सल्ल्यासाठी."

"सल्ला देणारे छप्पन्न मिळत्यात. माझा थोरला ह्यांच्या वर्गात होता. एक दिवस रडत घरला आला. मास्तरांनी सगळ्यांदेखत बैल म्हटलं म्हणून. मला त्या पुढाऱ्याच्या पोराचीबी गोष्ट कळली. म्हटलं, हा माणूस पाहिजे. माझ्या दारात सगळी हो म्हणणारी. बायको हो म्हणत्या, पोरं हो म्हणत्यात, म्यानेजर हो म्हणतोय. म्हटलं, एक तरी असा आणावा, जो माझ्या तोंडावर म्हणेल, बाळगोंडा, तू बैल हायस." त्यांनी पट्टीची घडी घातली. "पयल्या दिवशी ह्यांना मी मुद्दाम इचारलं, प्रेशर वाढवू का. मला शंका आलीच हुती. माल कमी होतोय हे आंधळ्यालाबी दिसतं. ह्यांनी न्हाई म्हटलं असतं, तर मी त्याच वक्ताला काटा खाली आणला असता."

तेव्हा मला कळलं, पहिल्या दिवशी सरांच्या होकारानंतर आण्णासाहेबांच्या नजरेत विजयासोबत काय होतं ते. ती निराशा होती.

"पोरांच्या अंगावर भुंकतोय," आण्णासाहेब म्हणाले, "आन् गाडीवाल्यासमोर शेपूट."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. निदान चेहरा उतरला असता. सर हसले. मोठ्याने, दिलखुलास, मालकाने विनोद केल्यावर हसतात तसे.

"वा, आण्णासाहेब! हे बरं आहे!" आणि मग, "पुढच्या आठवड्यात येऊ ना मी?"

"या की," आण्णासाहेब म्हणाले. ओवाळून टाकलेल्या नारळाकडे बघावं तसं त्यांनी सरांकडे पाहिलं.

मला मात्र त्या दोघांतला एकही सरस वाटेना. मी म्हणाले, "साहेब, तुम्हाला नाही म्हणणारं माणूस हवं होतं ना? मी सगळ्यांत आधी येऊन नाही म्हणाले होते. तुम्ही माझं वय विचारलंत."

"तुम्ही पगारी, बाई. पगारी माणसाचं 'न्हाई' ऐकायची सवय न्हाई मला."

"आणि दस्तगीरभाई? तुम्हाला शंका होती ना? मग त्यांना का काढलंत?"

त्यांनी पानाचा डबा उघडला. "मास्तर बोलले म्हणून. बोलावून घ्या त्याला परत."

"तुम्ही जाऊन सांगा त्यांना."

"मी?" कारखान्याचे संडास घासायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मी कसा जाणार? तुम्ही जावा. गाडी मास्तरांना सोडायला निघालीच हाय. त्याचं घर वाटंतच हाय."

एवढा शोध घेऊन नाही म्हणणारा माणूस आणणारे हे गृहस्थ, स्वतःच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द काढायला मात्र मोलकरीण शोधत होते.

गाडीत सर मागच्या सीटवर आरामात बसले. कारखान्याचं फाटक मागे पडलं आणि त्यांचा आवाज बदलला. तो जुना, वर्गातला आवाज परत आला.

"तुमच्या एक लक्षात आलं का, बारटक्के? दाब कमी केल्यावर आयपीएचे रेणू फुटायला मोकळे होतात. एकाचे दोन. जागा मिळाली की संख्या वाढते. पण जुन्या मशीनवर हाच दाब उपयोगाचा होता, कारण तिथे दोनांचा एक होत होता. क्रिया तीच, दिशा वेगळी. आणि दोन्हीकडे रेणूंची संख्या सारखी असेल तर? बोला."

"दाबाने काही फरक पडत नाही, सर."

"शाब्बास. हे अर्ध्या एम.एस्सी.वाल्यांना येत नाही."

सुंदर शिकवत होते. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मी खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा बघत राहिले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. दस्तगीरभाई टाकवड्यांकडे परत गेले नाहीत. काही दिवसांनी त्यांना तासगावकडे बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर काम मिळालं आणि तिथेच ते अखेरपर्यंत राहिले. मी वर्षभरात नोकरी सोडली. नवी मशीन कमी दाबावर छान चालली आणि आण्णासाहेबांचा दुसरा बंगला झाला. गर्गे सर पुढे आणखी दोन कारखान्यांचे सल्लागार झाले. त्यांच्या पंचाहत्तरीला मोठा सत्कार झाला आणि 'निर्भीड गुरू' म्हणून त्यांना मानपत्र देण्यात आलं. मला निमंत्रण होतं. मी गेले नाही.

त्या दुपारी मी ड्रायव्हरला मिरज रस्त्यावर गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. सरांना म्हणाले, "इथे एका घरी निरोप द्यायचाय. दोनच मिनिटं." कुणाच्या घरी ते मुद्दाम सांगितलं नाही. सर त्यांना ओळखतात का, ते मला बघायचं होतं.

दस्तगीरभाई दारातच होते, लुंगी आणि बनियनवर. मी त्यांना आण्णासाहेबांचा निरोप सांगितला. ते ऐकत होते. मग म्हणाले, "चूक कुणाची हुती, म्याडम?"

"दाबाची. तुमची नव्हती. आज सिद्ध झालं."

"माझ्या जावयाला सांगाल? त्येच्या घरात लेकीला बोलत्यात, तुझा बाप पितो म्हणून."

"सांगेन. आजच जाते."

"बरं. आण्णांना माझा सलाम सांगा." त्या सलामाचा अर्थ मला कळला, ते परत येणार नव्हते. मग त्यांची नजर गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीकडे गेली. "गाडीत सर हायत व्हय? उन्हात का बसवलंय? आत बोलवा. चहा टाकायला सांगतो."

मी जाऊन सांगितलं, ते तुम्हाला चहाला बोलावतायत. सर खूश झाले. आयता चहा त्यांना आवडत असावा. ते आत आले. दस्तगीरभाईंनी चांगली खुर्ची पुढे सरकवली, पंखा त्यांच्याकडे वळवला. स्वतः पाटावर बसले. आतून चहा आला, दाट, आल्याचा.

सर खुर्चीत टेकून समाधानाने चहा पीत होते. समोरच्या माणसाकडे त्यांनी दोनदा पाहिलं, पूर्ण चेहऱ्याकडे. मी त्यांच्या डाव्या भुवईकडे बघत होते.

"उत्तम झालाय हो चहा," सर म्हणाले. "आपण कुठे असता कामाला?"

दस्तगीरभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी किंचित मान हलवली, नको अशी.

"सध्या घरीच असतो, सर."

"छान, छान," सर म्हणाले आणि रिकामा कप त्यांनी दस्तगीरभाईंच्या हातात दिला. "विश्रांती हवीच माणसाला."